उजवीकडे वळायला वेगळा सिग्नल कधी लागतो? नागापूरच्या महामार्गावरून समजून घ्या

अहिल्यानगर शहरातून मनमाडच्या दिशेने निघालं की सावेडीच्या पुढे, सीना नदीच्या पलीकडे नागापूर लागतं. जिल्ह्यातली मोठी एमआयडीसी इथेच आहे. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की दुचाकींचे लोंढे बाहेर पडतात. त्याच रस्त्यावरून राहुरी, शिर्डी, कोपरगाव, मनमाडकडे जाणारी वाहतूकही सुरू असते. एसटी बस, शिर्डीच्या भाविकांच्या गाड्या, लांब पल्ल्याचे ट्रक, कंटेनर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळं एकाच डांबरावर.

अशा रस्त्यावर सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे उजवीकडे वळणं. समोरून भरधाव वाहनं येत असतात, मागचा हॉर्न वाजवत असतो आणि मधोमध थांबलेल्या दुचाकीस्वाराला दोन ट्रकमधली फट शोधायची असते. एखादा अपघात झाला की मागणी येते, "इथे उजव्या वळणाचा वेगळा सिग्नल बसवा."

मागणी चुकीची नसते. पण हिरवा बाण फुकट मिळत नाही. तो जितके सेकंद पेटतो, तितके सेकंद दुसऱ्या कोणाला तरी लाल दिव्यात उभं राहावं लागतं. म्हणून कोणत्या चौकात बाण हवा आणि कुठे नको, हे ठरवण्याची एक पद्धत आहे. ती समजली की आपल्या चौकाबद्दलची मागणीही नेमकी करता येते.

परदेशात 'लेफ्ट टर्न', आपल्याकडे उजवं वळण

इंटरनेटवर या विषयावर शोधलं की बहुतेक माहिती 'लेफ्ट टर्न सिग्नल'बद्दल सापडते. ती अमेरिकेतली असते. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरची वाहतूक ओलांडून जाणारं वळण डावं असतं. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे तेच अवघड वळण उजवं होतं. अमेरिकेतली 'यूपीएस' ही पार्सल कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना शक्य तितकी डावी वळणं टाळते. वेळ, इंधन आणि अपघात तिन्ही वाचतात, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे हाच नियम लावायचा तर 'उजवं वळण टाळा' असं म्हणावं लागेल.

कारखान्याच्या रस्त्यावर मात्र ते टाळता येत नाही. महामार्गाला एका बाजूने येऊन मिळणारा रस्ता असेल, तर शहरातून कामावर जाणाऱ्याची एक फेरी डाव्या वळणाची आणि दुसरी उजव्या वळणाची असतेच. कारखाना डाव्या हाताला असेल तर सकाळी आत शिरणं सोपं आणि सुटल्यावर शहराकडे निघणं अवघड. उजव्या हाताला असेल तर नेमकं उलट. म्हणजे दिवसातून एकदा तरी समोरची वाहतूक ओलांडावीच लागते.

उजव्या वळणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार, साधा गोल हिरवा दिवा. सरळ जाणारे आणि उजवीकडे वळणारे एकाच वेळी सुटतात. वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं आणि फट मिळाली की वळायचं.

दुसरा प्रकार, फक्त बाणावर वळण. उजवा हिरवा बाण पेटला की समोरची वाहतूक पूर्ण थांबलेली असते. बाण नसताना वळायला मनाई.

तिसरा प्रकार, दोन्हीचं मिश्रण. आधी काही सेकंद बाण, नंतर गोल हिरव्यावर फट बघून वळण. काही ठिकाणी बाण शेवटी दिला जातो.

सुरक्षिततेत दुसरा प्रकार सगळ्यात पुढे आहे. समोरासमोर येणाऱ्या आणि वळणाऱ्या वाहनांची टक्कर त्याने जवळपास थांबते. पण वाट बघण्याचा वेळही त्यातच सर्वाधिक असतो, आणि थांबलेल्या रांगेवर मागून आदळण्याचे प्रकार वाढू शकतात. मिश्र प्रकार मधला आहे. वाहतूक हलती राहते, पण वळणाऱ्याच्या अंदाजावरचं अवलंबित्व संपत नाही.

आपल्या शहरांत चौथी पद्धतही सर्रास दिसते. चौकाच्या चारही बाजूंना एकेक करून हिरवा दिवा मिळतो. त्यात त्या बाजूचे सरळ, डावे, उजवे सगळे एकदम सुटतात. उजवं वळण आपोआप सुरक्षित होतं. त्याची किंमत पुढे पाहू.

आधीचा प्रश्न: सिग्नल तरी हवा का?

बाणाच्या आधी सिग्नलचा प्रश्न येतो. भारतात त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची १९८५ ची 'आयआरसी ९३' ही मार्गदर्शक सूचना वापरली जाते. तिचे मुख्य निकष असे:

• वाहनांची संख्या: दोन्ही रस्ते एकेका लेनचे असतील, तर मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशांनी मिळून तासाला ६५० आणि जोडरस्त्यावर जास्त गर्दीच्या बाजूने तासाला २०० वाहनं. दोन्ही रस्ते दोन किंवा अधिक लेनचे असतील तर हेच आकडे ८०० आणि २५०. ही सरासरी दिवसातल्या आठ तासांची धरायची असते.

• पादचारी: मुख्य रस्त्यावर तासाला ६०० वाहनं आणि ती ओलांडणारे तासाला १५० किंवा अधिक पादचारी.

• अपघात: १२ महिन्यांत पाच किंवा अधिक नोंदलेले अपघात, आणि त्याआधी सोपे उपाय करूनही फरक पडलेला नसणं.

शेवटच्या निकषातली अट महत्त्वाची आहे. फलक, पट्टे, गतिरोधक, दिवे, अतिक्रमण हटवणं हे आधी करून पाहायचं असतं. सिग्नल हा पहिला उपाय मानलेला नाही.

मग बाण कधी? पाच कसोट्या

१. एका फेऱ्यात किती वाहनं वळतात?

सिग्नलचे सगळे दिवे एकदा पेटून पुन्हा पहिल्यावर येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक फेरा. समोरून सतत वाहतूक असली तरी पिवळा लागताना समोरचे थांबतात आणि चौकाच्या आत थांबलेली एक-दोन वाहनं वळून घेतात. एका फेऱ्याला साधारण दोन, असा अंदाज धरतात. फेरा ९० सेकंदांचा असेल तर तासाला ४० फेरे होतात, म्हणजे बाण नसतानाही सुमारे ८० वाहनं वळून जातात. वळणारी वाहनं यापेक्षा कमी असतील तर बाणाची गरज सहसा नसते.

२. समोरची वाहतूक किती?

वळणारे फार असले आणि समोरून कोणीच येत नसलं तर बाण कशाला? म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करतात. अमेरिकेच्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल'च्या २००० सालच्या आवृत्तीत ही कसोटी दिली आहे. तासाला वळणारी वाहनं गुणिले तासाला समोरून येणारी वाहनं. समोर एक लेन असेल तर ५०,०००, दोन असतील तर ९०,००० आणि तीन असतील तर १,१०,००० च्या पुढे उत्तर गेलं की वेगळ्या बाणाचा विचार करायचा.

उदाहरण घेऊ. समजा, एका चौकात तासाला १५० वाहनं उजवीकडे वळतात आणि समोरच्या दोन लेनमधून ७०० येतात. गुणाकार १,०५,०००. बाण हवा. वळणारी फक्त ६० असतील तर गुणाकार ४२,०००. बाण नको.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे बहुतेक मोटारी असतात, इथे बहुतेक दुचाकी. म्हणून भारतात वाहनं 'पीसीयू'मध्ये मोजतात, म्हणजे एक मोटार एवढी जागा हे एकक धरून. 'आयआरसी १०६' या १९९० च्या सूचनेनुसार शहरी रस्त्यावर दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, ट्रक किंवा बस २.२ ते ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ पीसीयू धरली जाते. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचं प्रमाण किती आहे, त्यावर यातला कोणता आकडा घ्यायचा ते ठरतं. एक ट्रॉली चार-पाच मोटारींएवढी, हे उसाच्या पट्ट्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

३. समोरचं वाहन दिसतं का, आणि किती वेगाने येतं?

फट पाहून वळायला मोटारीला साधारण साडेचार सेकंदांची मोकळी जागा लागते. समोरचं वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल तर ते साडेचार सेकंदांत ७५ मीटर येतं. ताशी ८० असेल तर १०० मीटर. भरलेल्या ट्रकला वळायला ७ सेकंद लागतात असं धरलं, तर ताशी ६० च्या वेगाला जवळपास ११७ मीटर मोकळे हवेत. मध्ये पुलाचा चढ, वळण, दुभाजकातली झाडं, जाहिरातीचे फलक किंवा समोर वळायला थांबलेला कंटेनर आला तर एवढं अंतर दिसतच नाही. अशा ठिकाणी वाहनांची संख्या कमी असली तरी बाण लागतो, कारण अंदाज घ्यायला जागाच नसते. समोर तीन-चार लेन ओलांडायच्या असतील तरीही हेच लागू.

४. अपघात कोणत्या प्रकारचे होतात?

नुसती अपघातांची संख्या पुरत नाही. मागून धडक, पादचाऱ्याला धडक, रात्री दुभाजकावर आदळणं, यातल्या एकावरही उजवा बाण हा उपाय नाही. वळणाऱ्या आणि समोरून सरळ येणाऱ्या वाहनांची टक्कर वारंवार होत असेल तरच बाणाचा उपयोग. त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत अपघाताचं चित्र काय आहे, हे पाहावं लागतं. देशभर ही नोंद आता 'आयरॅड' या संगणकीय प्रणालीवर होते.

राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्याही ठरलेली आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. यात बसणाऱ्या जागेची तपासणी आणि दुरुस्ती यंत्रणेने करणं अपेक्षित असतं.

५. वळणाऱ्यांना थांबायला वेगळी लेन आहे का?

ही कसोटी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. वळणारा आणि सरळ जाणारा एकाच रांगेत असतील तर बाण कुचकामी ठरतो. बाण पेटतो तेव्हा सरळ जाणारा पुढे अडून बसलेला असतो, आणि सरळचा हिरवा लागतो तेव्हा वळणारा. लेन किती लांब हवी? एका फेऱ्यात सरासरी चार मोटारी वळत असतील तर दुप्पट, म्हणजे आठ मोटारींची जागा ठेवायची. एका मोटारीला सात मीटर धरले तरी ५६ मीटर होतात. ट्रक आणि ट्रॉल्या असतील तर आणखी जास्त. एवढी जागा नसेल तर आधी रस्ता रुंद करायचा, मग बाण लावायचा.

बाणाची किंमत किती? एक हिशेब

सिग्नलचा फेरा किती सेकंदांचा असावा, याचं सूत्र ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतले एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये मांडलं. भारतातही तेच वापरतात. सूत्र असं: वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि १ वजा 'भार' याने भागा. दिवा बदलताना वाहनं सुटायला आणि चौक रिकामा व्हायला जो वेळ जातो तो वाया. येणारी वाहनं भागिले रस्त्याची क्षमता म्हणजे भार. हिरवा दिवा सतत राहिला तर सात मीटर रुंद बाजूची क्षमता, आयआरसीच्या मीटरला ५२५ या हिशेबाने, तासाला ३,६७५ पीसीयू. तिथे १,१०० आले तर भार ०.३.

समजा, चौकात दोनच टप्पे आहेत. समोरासमोरच्या बाजू एकत्र सुटतात, प्रत्येक टप्प्याचा भार ०.३ आणि प्रत्येकात ४ सेकंद वाया. एकूण भार ०.६, वाया ८ सेकंद. फेरा येतो सुमारे ४३ सेकंदांचा.

आता बाणाचा तिसरा टप्पा घाला, भार ०.१. एकूण भार ०.७, वाया १२ सेकंद. फेरा होतो ७७ सेकंदांचा.

आता चारही बाजू एकेक करून सोडा. समोरासमोरच्या बाजू एकत्र सुटत नसल्याने सगळ्यांचे भार बेरजेत येतात. दोन मोठ्या बाजूंचे ०.३ आणि दोन लहान बाजूंचे ०.१५ धरले तर बेरीज ०.९, वाया १६ सेकंद. फेरा जातो २९० सेकंदांवर, म्हणजे जवळपास पाच मिनिटं.

हे आकडे काल्पनिक चौकाचे आहेत, पण दिशा खरी आहे. एकेक टप्पा वाढला की थांबण्याचा वेळ थोडाथोडा न वाढता उडी मारून वाढतो. आणि लाल दिवा फार लांबला की लोक तो पाळत नाहीत. पादचारी मधूनच रस्ता ओलांडतात, दुचाकी पुढे सरकत सरकत चौकात येतात. सुरक्षिततेसाठी लावलेला बाण अशा वेळी नवे धोके तयार करतो.

चारही बाजू वेगवेगळ्या सोडणं तिथे योग्य ठरतं, जिथे रस्ते अरुंद आहेत, उजवी लेन काढायला जागा नाही आणि वळणारे सरळ जाणाऱ्यांइतकेच आहेत. वाहतूक कमी असेल तर ते चालूनही जातं. गर्दीच्या महामार्गावर मात्र ते महाग पडतं.

नागापूरसारख्या रस्त्याला काय लागू पडतं?

औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी वाहतुकीचा स्वभाव वेगळा असतो. दिवसभर वळणारे मोजके आणि पाळी बदलताना अर्ध्या तासात लोंढा. दिवसाची सरासरी काढली तर बाणाची गरज दिसत नाही. फक्त पाळीची वेळ मोजली तर बाणाशिवाय पर्याय दिसत नाही. दोन्ही मोजण्या खऱ्या, दोन्ही अपुऱ्या.

यावरचा मार्ग म्हणजे वेळेनुसार बदलणारा सिग्नल. पाळी सुटण्याच्या वेळी बाण, इतर वेळी बाणाचा टप्पा वगळलेला. रस्त्याखालच्या तारेने किंवा कॅमेऱ्याने वळणारी वाहनं ओळखून गरज असेल तेव्हाच बाण देणारे सिग्नलही असतात. एकच अट: समोर दिसण्याचं अंतर पुरेसं हवं. ते नसेल तर बाण चोवीस तास हवा. रात्री वाहनं कमी असतात, पण वेग जास्त असतो.

हंगामातली गोष्टही धरायला हवी. पावसाळ्यात केलेली मोजणी ऊसतोडणीच्या दिवसांना लागू पडत नाही. भरलेली ट्रॉली सुटायलाच वेळ घेते. मोटारीसाठी ठेवलेल्या दहा सेकंदांच्या बाणात ती चौकाच्या मध्यापर्यंतच पोचेल. तसंच शनिवार-रविवार आणि सणांना शिर्डीकडची गर्दी वाढते, तेव्हा समोरची वाहतूक बदलते.

आणि बाण हा एकच उपाय नाही. जवळजवळ असलेले दुभाजकातले कट बंद करून एकाच ठिकाणी रुंद, उजेड असलेलं वळण देता येतं. उजवं वळण बंद करून थोडं पुढे यू-टर्न देता येतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९६० च्या दशकापासून हे मोठ्या प्रमाणावर केलं जातं आणि हैदराबादेतही अनेक सिग्नल काढून यू-टर्न दिले गेले. मात्र यू-टर्नला लांब वाहनं फिरतील एवढी रुंदी लागते. ती नसेल तर कंटेनर तिथेच अडकतो. कारखान्यांनी पाळ्या सुटण्याच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे केल्या तर एक पैसाही न खर्चता लोंढा विभागला जातो.

डाव्या वळणाला वेगळा सिग्नल लागतो का?

आपल्याकडे 'फ्री लेफ्ट' हा हक्कच आहे असा समज आहे. लाल दिव्यावर डावीकडे वळायचं ते तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच, हेच धरून चालावं. डाव्या वळणाचा अडथळा समोरच्या गाड्यांना होत नाही, तो पादचाऱ्यांना होतो. शाळा, दवाखाना, बसथांबा किंवा बाजाराजवळ माणसं ओलांडतात त्याच वेळी डावीकडून गाड्या वाहत राहिल्या तर त्यांना रस्ता ओलांडायला क्षणच मिळत नाही. अशा चौकात डाव्या वळणालाही लाल-हिरवा बाण देऊन पादचाऱ्यांसाठी काही सेकंद राखून ठेवावे लागतात.

मागणी कोणाकडे करायची?

रस्ता कोणाचा, यावर उत्तर ठरतं. राष्ट्रीय महामार्गासाठी महामार्गाची यंत्रणा, राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरातल्या रस्त्यासाठी महापालिका आणि वसाहतीच्या आतल्या रस्त्यासाठी एमआयडीसी. नगर-शिर्डी हा भाग राष्ट्रीय महामार्ग १६० चा आहे. सिग्नल चालवण्यात पोलिसांच्या वाहतूक शाखेचा सहभाग असतो. या सगळ्यांना एका टेबलावर आणणारी जागा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रारीसोबत मोजणी जोडली तर ती टाळणं अवघड जातं. त्यासाठी यंत्र लागत नाही. सुरक्षित जागी, रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर चित्रण करा. पाळी सुटतानाचा एक तास आणि दुपारचा एक तास. मग चित्रण पाहून चार गोष्टी लिहा:

• तासाला किती वाहनं उजवीकडे वळली, दुचाकी, मोटार, ट्रक, ट्रॉली वेगवेगळी.
• त्याच वेळी समोरून किती आली.
• सिग्नल असेल तर एका फेऱ्यात किती वळली आणि किती पुढच्या फेऱ्यासाठी उरली.
• थांबलेली रांग सरळ जाणाऱ्यांना अडवते का.

फेऱ्यामागे दोनच वाहनं वळत असतील तर बाणाऐवजी फलक, उजेड आणि वेगावर नियंत्रण मागा. रांग दर फेऱ्याला उरत असेल आणि गुणाकार मर्यादेच्या पुढे जात असेल तर बाण मागा, आणि त्यासोबत वळणाची लेनही मागा. लेनशिवाय बाण मिळाला तर वाहनं पूर्वीसारखीच अडकतील, फक्त वर एक दिवा जास्त असेल.